चित्र कधी झाकायचं

एका कार्डावर शेळीचं चित्र आहे. खाली ठळक अक्षरांत लिहिलंय ‘शेळी’. पहिलीतलं मूल कार्ड हातात घेतं, शब्दाखाली बोट ठेवतं आणि खणखणीत आवाजात वाचतं, “बकरी!”

बहुतेक वेळा “शाब्बास, पण इथं शेळी लिहिलंय हं,” असं म्हणून पुढचं कार्ड काढलं जातं. खरं तर थांबायची जागा तीच असते. त्या मुलानं त्याला दिसलं ते अगदी बरोबर सांगितलं, फक्त ते अक्षरांतून घेतलं नाही. आणि काळजी करायची ती या मुलाची नाहीच, त्याच्या शेजारी बसून ‘शेळी’ म्हणणाऱ्या मुलाची करायची. त्यानंही कदाचित चित्रच पाहिलं असेल. त्याच्या घरी त्या जनावराला शेळी म्हणतात, म्हणून त्याचं उत्तर जुळलं आणि त्याला वाचता येतंय असा सगळ्यांचा समज झाला. ‘बकरी’ म्हणणाऱ्याची अडचण निदान उघड तरी झाली.

पहिली-दुसरीत वाचन शिकवताना चित्रं हवीतच, याबद्दल मनात तिळमात्र शंका नाही. चित्र मुलाला बोलतं करतं, आणि जे मूल बोलत नाही त्याच्या वाचनाला पाया मिळत नाही. पण मुलाला बोलतं करणं, शब्दातला आवाज दाखवणं, अक्षराचा आकार लक्षात राहायला मदत करणं आणि गोष्टीचा अर्थ उलगडणं ही चार निरनिराळी कामं आहेत. एकाच चित्राला एकाच वेळी ती सगळी सांगितली की घोडं पेंड खातं.

एस. जे. सॅम्युएल्स या अमेरिकन संशोधकानं १९६७ साली हीच गोष्ट तपासली. अजून वाचता न येणाऱ्या मुलांना काही शब्द शिकवले. काहींना नुसता शब्द दाखवला, काहींना शब्दासोबत चित्र. शिकवणं चालू होतं तोवर चित्रवाली मुलं पुढे होती. चित्र काढून घेऊन नुसता शब्द समोर ठेवला, तेव्हा चित्राशिवाय शिकलेली मुलं सरस ठरली. पहिलीच्या वर्गातही त्यांनी हे करून पाहिलं. तिथं वाचनात मागे असलेल्या मुलांना चित्र नसताना जास्त शब्द आले, चांगलं वाचणाऱ्यांना फारसा फरक पडला नाही. कारण सरळ आहे. दोन खुणा समोर असतील तर मूल सोपी खूण उचलतं, आणि सोपी खूण मिळाली की अवघड खुणेकडे बघायचं कारणच उरत नाही. ज्याला अक्षरं जड जातात तो चित्राला जास्त घट्ट धरतो. म्हणजे ज्याच्यासाठी आपण कळवळून चित्रं लावतो, त्याचाच तोटा होतो.

योगायोग असा, की त्याच १९६७ साली केनेथ गुडमन यांनी वाचन म्हणजे एक प्रकारचा अंदाजाचा खेळ आहे, अशी मांडणी केली. त्या विचाराच्या प्रभावातून पुढे ‘शब्द अडला? चित्र बघ, काय असेल सांग,’ ही सवय कितीतरी वर्गांत मुरली. ती आजही मुरलेली आहे, आणि ती मोडायला हवी असं अगदी मनापासून वाटतं.

कार्डाचा उपाय बिनखर्चाचा आहे. चित्र आणि शब्द कार्डाच्या एकाच बाजूला ठेवायचे नाहीत. पुढे नुसता शब्द, मागे चित्र. मूल आधी शब्द वाचतं, मोठ्यानं म्हणतं आणि मग कार्ड उलटून स्वतःच पडताळा घेतं. गणितातला ताळा करून बघावा तसं. एक खबरदारी घ्यायची: कागद पातळ असेल तर चित्र पाठीमागून दिसतं आणि सगळी मेहनत वाया जाते. जाड कार्डशीट वापरावं, नाहीतर दोन कागद एकमेकांना चिकटवावेत. शिवाय कोपरा दुमडलेला, डाग पडलेला असं कार्ड मुलं त्या खुणेवरूनच ओळखायला लागतात. महिनाभर वापरून मळलेला संच बदलावा लागतो तो यासाठी.

चित्र निवडताना आपण मोठी माणसं हमखास फसतो, कारण चित्रात काय आहे ते आपल्याला आधीच माहीत असतं. ‘हात’ म्हणून काढलेल्या चित्राला मुलं ‘बोटं’ म्हणतात. ‘पाणी’ दाखवायला नदी काढली की ‘नदी’ येतं, पेला काढला की ‘पेला’ येतं. ‘मुलगी’ला ‘ताई’ म्हणणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात. म्हणून कुठलंही चित्र वापरायच्या आधी पाच मुलांना एकेकटं बोलावून विचारावं, “हे काय आहे?” चौघांनी एकच शब्द सांगितला तर चित्र ठेवावं. तिघांनीच सांगितला तर दुसरं काढावं. मुलांची चूक दुरुस्त करत बसू नये.

चित्र एकाच वस्तूचं, ठसठशीत बाह्यरेषेचं, शक्यतो बाजूनं पाहिलेलं असावं. बदक समोरून काढलं तर ओळखू येत नाही. कडेला अर्धं कापलेलं जनावर पाहून ‘याचे पाय कुठं गेले?’ असं विचारणारं मूल भाबडं नसतं. चित्राची चौकट जिथं संपते तिथं वस्तू संपत नाही, हा चित्रवाचनातला संकेत त्याला अजून कुणी शिकवलेला नसतो. धावणाऱ्या माणसामागच्या रेघा, मनातला विचार दाखवणारा ढग, लांबचं झाड लहान दिसणं हे सगळे संकेतच आहेत आणि ते वेगळे शिकवावे लागतात. आकाराचा एक ठोकताळा आहे: दहा फुटांवरून सहज वाचायचं अक्षर निदान एक इंच उंच हवं. शेवटच्या रांगेतलं मूल वीस फुटांवर असेल तर दोन इंच. भिंतीवरचे बहुतेक तयार तक्ते या हिशेबात बसत नाहीत.

आता अक्षरांकडे येऊ, कारण चित्रांचा सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी विचारपूर्वक वापर तिथंच होतो. योहान कोमेनियस यांनी १६५८ साली मुलांसाठी चित्रांचं पुस्तक छापलं, त्यात सुरुवातीला अक्षरांची चित्रं आहेत. पण ते चित्रातल्या प्राण्याच्या नावावर थांबत नाहीत. कावळा ‘आ आ’ करतो, कोकरू ‘बेऽ’ करतं, आणि तो आवाज हाच त्या अक्षराचा आवाज. साडेतीनशेहून जास्त वर्षांपूर्वी त्यांना हे उमगलं होतं, की अक्षर शिकताना मुलाच्या कानाला वस्तूच्या नावापेक्षा आवाजाची गरज असते.

आपल्या अक्षरमालेच्या चित्रांत तो आवाज अनेकदा निसटतो. ‘क कावळ्याचा’ म्हणताना मुलाच्या कानावर पहिला आवाज पडतो तो ‘का’. ‘ग गाईचा’ यात ‘गा’, ‘म माशाचा’ यात ‘मा’, ‘घ घोड्याचा’ यात तर ‘घो’. मग ‘क’ दाखवल्यावर मूल ‘का’ म्हणालं तर दोष कुणाचा? पहिलं अक्षर काना-मात्रा-वेलांटीशिवाय असणारेच शब्द घ्यायला हवेत: क कमळाचं, ग गवताचं, म मगरीचं, घ घराचं, ब बदकाचं. कावळा आणि घोडा बाराखडी सुरू झाली की खुशाल यावेत.

काही अक्षरांना ही सोयही नाही. ‘ण’ आणि ‘ळ’ यांनी मराठी शब्द सुरूच होत नाहीत. म्हणून बाणाचा ण आणि नळाचा ळ. पण इथं नियम बदलला, आता शेवटचा आवाज ऐकायचा आहे, हे मुलाला स्पष्ट सांगावं लागतं. नाहीतर बाणाचं चित्र बघून ‘ण’ला ‘बा’ म्हणणारी मुलं निघतात. या दोन अक्षरांसाठी जोडीची चित्रं फार उपयोगी पडतात. एका कागदावर रांगणारं मूल, दुसऱ्यावर झाडाचं मूळ. नुसतं ‘मूल’ किंवा ‘मूळ’ म्हणायचं आणि मुलांनी योग्य चित्राकडे बोट दाखवायचं. आधी कान तयार होतो, मग ल आणि ळ डोळ्यांना वेगळे दिसू लागतात.

‘च’चं दुखणं वेगळं आहे. चमच्याचा च आणि चिमणीचा च लिहायला एक, बोलायला दोन. ‘ज’चं तेच, जाळ्यातला आणि जिराफातला. ‘झ’चंही तेच, झाडातला आणि झेंड्यातला. एका तक्त्यावर दोन्ही आवाजांची चित्रं गर्दीनं लावली की मुलाला अक्षराचा आवाजच पकडता येत नाही. पहिल्या आठवड्यात एकाच आवाजाची चित्रं घ्यावीत. तो पक्का झाला की दुसऱ्या आवाजाची आणावीत आणि मग मिसळून मुलांनाच दोन ढिगांत लावायला द्यावीत. चमचा, चाक इकडे. चिमणी, चंद्र तिकडे. अक्षर एक, घरं दोन, हे मुलं आश्चर्य वाटेल इतक्या सहज स्वीकारतात.

चित्र अक्षराच्या शेजारी न ठेवता अक्षरातच बसवता येतं, हा मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग. लिनिया एरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली इंग्रजी अक्षरं शिकणाऱ्या मुलांसाठी अशी चित्रं वापरली. ‘एफ’ या अक्षराच्याच दांड्याला पानं-पाकळ्या काढून त्याचं फूल केलं, आणि फुलाला इंग्रजीत म्हणतात त्या शब्दाचा पहिला आवाज तोच. अशी अक्षरात मुरलेली चित्रं पाहिलेली मुलं, शेजारी सुटं चित्र पाहिलेल्या मुलांपेक्षा जास्त अक्षर-आवाज शिकली. शेजारी छापलेल्या नळाचा आणि ‘न’च्या आकाराचा संबंध मुलाला पाठ करावा लागतो. अक्षरातच बसलेला नळ आकाराची आठवण स्वतःच करून देतो.

देवनागरीत ‘न’ त्यासाठी जणू घडवलेलाच आहे. उजवीकडचा उभा दंड म्हणजे भिंतीवरून उतरलेला पाईप. त्यातून डावीकडे निघालेली आडवी रेघ म्हणजे तोटी, आणि तिच्या टोकाची गाठ म्हणजे सुटायच्या बेतात असलेला थेंब. ‘ठ’चा गोल रंगवला की ठसा होतो. दर अक्षराला असं चित्र सापडत नाही आणि ओढूनताणून शोधूही नये. मुलाला समजावून सांगावं लागलं की ते चित्र बाद. पाच-सहा अक्षरांना चपखल बसलं तरी पुष्कळ झालं. आणि हे चित्र पुसत न्यायचं असतं, ते विसरायचं नाही. पहिले दोन-तीन दिवस रंगीत नळ आणि थेंब, पुढचे दोन दिवस अक्षर ठळक आणि थेंब फिकट पेन्सिलीत, मग नुसता ‘न’. तिसरी पायरी राहून गेली तर मुलाला थेंबाशिवाय ‘न’ ओळखता येत नाही.

आवाज मोजण्याच्या कामासाठी एल्कोनिन या रशियन मानसशास्त्रज्ञाची चौकटीची पद्धत आहे. वर चित्र, खाली शब्दात जितके आवाज तितके रिकामे चौकोन. मूल शब्द सावकाश म्हणतं आणि प्रत्येक आवाजाला एक खडा किंवा बटण चौकोनात सरकवतं. मराठीत सुरुवातीला एका अक्षराला एक चौकोन ठेवावा. ‘बाण’ला दोन, ‘कमळ’ला तीन, ‘बदक’ला तीन. ‘बा’मधला ब् आणि आ सुटा करायचा तो दोन-तीन महिन्यांनी. जोडाक्षरांची चित्रं इथं आणू नयेत. ‘पक्षी’ बोलताना ‘पक्-षी’ तुटतो आणि लिहिताना ‘प-क्षी’, त्यात मूल उगाच गोंधळतं. इथं चित्राचं काम एवढंच, की शब्द डोक्यात धरून ठेवायचा. लिखित शब्द समोर नसतोच, त्यामुळे चित्र कुणाच्या वाटेतही येत नाही.

एका मोठ्या चित्राभोवती अख्खा वर्ग बसवून वाचन शिकवायची जी पद्धत आहे, तिची सविस्तर मांडणी एमिली कॅल्हून यांनी १९९९ साली केली. चित्रापासून शब्द, शब्दांपासून गट, गटांपासून वाक्य असा तिचा प्रवास. यात शब्द मुलांच्या तोंडून येतात, आणि म्हणून ती पद्धत जिवंत राहते.

तयारी अशी. भरपूर वस्तू आणि थोडी हालचाल असलेलं चित्र घ्यायचं: पाऊस पडतोय, मुलं पळतायत, कुत्रं झाडाखाली अंग झाडतंय. ते मोठ्या पांढऱ्या कागदाच्या मधोमध चिकटवायचं आणि चारही बाजूंना निदान वीतभर जागा मोकळी ठेवायची. पहिला मिनिटभर कुणी बोलायचं नाही, नुसतं बघायचं. हा मिनिट फार महत्त्वाचा, कारण तो नसेल तर तीन चुणचुणीत मुलं सगळे शब्द सांगून मोकळी होतात. मग विचारायचं, “तुला काय दिसतं?” मूल म्हणतं, “छत्री.” छत्रीपासून कागदाच्या मोकळ्या जागेपर्यंत सरळ रेघ ओढायची, शब्द म्हणायचा, अक्षर-अक्षर म्हणत लिहायचा, पुन्हा पूर्ण शब्द म्हणायचा आणि मुलांकडून म्हणवून घ्यायचा. शब्द चित्रावर लिहायचा नाही, रेघेच्या टोकाला लिहायचा. म्हणजे पुढे चित्र झाकलं तरी शब्द उघडे राहतात.

पहिल्या दिवशी बारा ते पंधरा शब्द पुरेत. तीस झाले की रेघांचं जाळं होतं आणि कोणता शब्द कशाचा तेच कळत नाही. इथं शिक्षकाचा हात शिवशिवतो. मुलं ‘ढग’ म्हणतात, आपल्याला ‘आभाळ’ही हवं असतं, आणि आपण आपलाच शब्द घुसवतो. एखादा घालायला हरकत नाही, पण निम्मे शब्द आपले झाले तर तो तक्ता मुलांचा राहत नाही. घरच्या बोलीतला शब्द आला तर तोही लिहावा. एकाच रेघेच्या टोकाला ‘शेळी’ आणि ‘बकरी’ एकाखाली एक सुखानं नांदू शकतात, आणि दोन वेगळे शब्द दोन वेगळ्या अक्षरांनी लिहिले जातात हे मुलाला याहून सोप्या रीतीनं दाखवता येत नाही.

दुसऱ्या दिवशी तेच शब्द पट्ट्यांवर लिहून मुलांच्या हातात द्यायचे. मूल पट्टी वाचतं, तक्त्यावरचा शब्द शोधतं, रेघ धरून चित्रापर्यंत जातं आणि बरोबर की चूक ते स्वतःच ठरवतं. तिसऱ्या दिवशी पट्ट्यांचे गट. गट कसे करायचे ते सांगायचं नाही, फक्त ‘का एकत्र ठेवले?’ एवढं विचारायचं. कुणी ‘कुत्रा, बेडूक’ एकत्र ठेवतं कारण ते प्राणी आहेत. कुणी ‘पाऊस, पाय, पान’ ठेवतं कारण तिन्हींची सुरुवात सारखी. कुणी शेवटी काना असलेले सगळे शब्द वेचून काढतं. या शेवटच्या दोन मुलांची नजर अक्षरांवर गेली आहे, आणि अख्ख्या आठवड्यात मिळवायचं ते हेच. ज्यांचे गट अजून अर्थावरच अडलेत त्यांना ओरडायचं नाही. त्यांच्या शेजारी या दोघांना बसवायचं. चौथ्या-पाचव्या दिवशी चित्राला नाव द्यायचं, मग वाक्यं. मूल बोलेल तसं वाक्य लिहायचं आणि त्यालाच बोट ठेवून वाचायला लावायचं.

या पद्धतीचा घात एकाच ठिकाणी होतो. तक्ता आठवडाभर एकाच जागी असतो, आणि ‘वरच्या कोपऱ्यातला शब्द म्हणजे ढग’ हे मुलं जागेवरून पाठ करतात. खडाखड वाचतात, आपल्यालाही समाधान वाटतं. म्हणून तिसऱ्या दिवसापासून रोज पाच मिनिटं चित्रावर कोरा कागद टाचायचा, पट्ट्या पिसायच्या आणि टेबलावर एकेक वाचून घ्यायची. तिथं जे शब्द अडतात ते आलेले नाहीत, तक्त्यावर कितीही खणखणीत म्हटले गेले असले तरी. दोन-तीन आठवड्यांनी तक्ता भिंतीवरून उतरवावा. वर्षभर लटकलेला तक्ता मुलांना दिसेनासा होतो.

गोष्टीच्या पुस्तकात क्रम उलटा ठेवायचा. वाचायच्या आधी चित्रांवर भरपूर गप्पा माराव्यात, नवे शब्द कानावर घालावेत, गोष्टीत काय घडणार याचे तर्क करावेत. पण मुलानं वाचायला सुरुवात केली की बोट आणि डोळे शब्दावर हवेत. ‘शिडी’ अडली तर “चित्र बघ” म्हणायचं नाही. “पहिलं अक्षर म्हण. वेलांटी आधी दिसते, पण म्हणायची नंतर. आता पुढचं जोड.” शब्द आला की मग, “आता चित्र बघ, जुळतंय का?” तेवढं वाक्य वाचून होईपर्यंत चित्रावर रुंद पट्टी ठेवली तरी चालते. हिरमुसलेलं मूल पट्टी उचलायची घाई करतं, ते समजून घ्यावं. वाक्य संपलं की लगेच उचलू द्यावी.

आणि पहिलीच्या शेवटी चित्र मुलालाच काढायला लावावं. चित्र नसलेल्या कागदावर दोन वाक्यं लिहून द्यायची: ‘झाडाखाली दोन शेळ्या आहेत. एक शेळी काळी आहे.’ खाली रिकामी चौकट. मूल वाचतं आणि काढतं. शेळ्या तीन आल्या, दोन्ही काळ्या रंगवल्या, किंवा झाडाच्या फांदीवर बसल्या, तर नेमका कोणता शब्द हातून सुटला ते त्या चित्रातच दिसतं. मग खडू बाजूला ठेवायला सांगून बोट त्या सुटलेल्या शब्दावर नेऊन ठेवायचं आणि तेवढंच पुन्हा वाचून घ्यायचं.